मेची, तोर्सा आणि तीनबिघा

सोमवार : पाणीटंकी

बागडोगऱ्याच्या विमानतळावर उतरणारा माणूस दार्जिलिंगची नाहीतर गंगटोकची गाडी धरतो. आम्ही पाणीटंकी म्हटल्यावर ड्रायव्हरने आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. "तिकडे बघण्यासारखं काही नाही," असं सांगून त्याने गाडी काढली.

बघायच्या होत्या त्या हद्दी. सिलिगुडीच्या आसपास भारत इतका निमुळता होतो, की सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी वीस-बावीस किलोमीटरच उरते. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश, थोडं पूर्वेला सरकलं की भूतान. तिघेही शेजारी आणि तिघांशी आपला कायदा वेगळा. टीव्हीवर सीमा आणि घुसखोरीवर जो आरडाओरडा चालतो तो ऐकून कान किटले होते. निवृत्त झाल्यावर वेळही होता. म्हटलं, स्वतः रांगेत उभं राहून बघू.

वाटेत नक्षलबारी लागलं. १९६७ साली इथे पेटलेल्या ठिणगीची झळ आपल्या गडचिरोलीने किती वर्षं सोसली! गाव मात्र चहाचे मळे, शाळा आणि मोबाइलची दुकानं असलेलं, चारचौघांसारखं. गाडी थांबवावी असंही वाटलं नाही.

पाणीटंकीला मेची नदीवर पूल आहे. पलीकडे नेपाळचं काकरभिट्टा. थंडीत नदी कसली, दगडगोट्यांतून वाहणारे चार ओहोळ. पुलावरून टोटोंची, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षांची, रीघ लागलेली. कांद्याच्या गोणी, प्लास्टिकच्या खुर्च्या, शाळेतली मुलं, कडेवर बाळ घेतलेल्या बायका, सगळं एकाच टोटोत. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचा जवान उभा होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली. मतदान कार्ड हातात धरून तयार असलेली बायको थोडी हिरमुसलीच. नेपाळच्या बाजूलाही तेच. भन्सारवाल्यांनी, म्हणजे तिकडच्या कस्टमवाल्यांनी, पिशवीत डोकावून नवा माल नाही ना एवढं पाहिलं. माणसाला कोणी काही विचारलं नाही, विचारलं ते पिशवीला.

पाठीवर सॅक घेतलेला एक गोरा मुलगा मात्र दोन्हीकडच्या इमिग्रेशनच्या खिडक्या शोधत फिरत होता. तिसऱ्या देशाच्या माणसाला व्हिसा लागतो, शिक्के लागतात. आपल्याला आणि नेपाळ्यांना ते माफ. ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराचं सातवं कलम एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, धंदा करण्याची आणि फिरण्याची सवलत देतं. साडेसतराशे किलोमीटरची हद्द या कलमाच्या भरवशावर उघडी आहे. सशस्त्र सीमा बल इथे आलं ते २००१ मध्ये. त्याआधीची पन्नास वर्षं बहुतेक कारभार पोलीस आणि कस्टमवर चालला. काठमांडूत या करारावर राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. सही करणारं राणा सरकार वर्षभरसुद्धा टिकलं नाही. दोन्ही देशांच्या जाणत्यांच्या गटाने फेरविचाराचा अहवाल २०१८ मध्ये तयार केला, तो दोन्ही सरकारांनी अजून हातातही घेतलेला नाही.

काकरभिट्ट्यात मोमो खाल्ले, शंभराच्या नोटेचे एकशे साठ नेपाळी रुपये घेतले (हा दर १९९३ पासून हललेला नाही) आणि पुलाच्या कठड्याशी येऊन उभे राहिलो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक लोक याच रस्त्याने नेपाळात आले. भूतान आणि नेपाळ एकमेकांना लागून नाहीत, मधे आपण आहोत. भूतानने १९८५ चा नागरिकत्व कायदा केला आणि दक्षिणेकडच्या लोकांकडे १९५८ सालचे रहिवासाचे पुरावे मागितले. नाही दाखवता आले तो परका. लाखभर माणसं निघाली, ती झापा आणि मोरंग जिल्ह्यांच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिली. येताना आपण त्यांना अडवलं नाही. २००७ मध्ये ती परत भूतानकडे मोर्चाने निघाली, तेव्हा याच पुलावर अडवली गेली आणि त्या झटापटीत जीवही गेला. हद्द उघडी, पण एकाच दिशेने! त्यानंतर अमेरिका आणि इतर देशांनी त्यांना सामावून घेतलं, एकूण एक लाखाच्या वर.

गोष्ट तिथे संपायला हवी होती. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यापैकी काहींना हद्दपार करून भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं. तिथून ते बंगालमधून याच पाणीटंकीला आले आणि नेपाळात शिरले. झापात नेपाळ पोलिसांनी चौघांना बेकायदा प्रवेशाबद्दल पकडलं, बहुतेकांना छावणीतच. अमेरिका, भूतान, भारत, नेपाळ, चार देश फिरून माणूस ज्या छावणीत वाढला तिथेच परत, आणि आता तिथेही घुसखोर.

मंगळवार : डुआर्समधून जयगाव

सिलिगुडी जंक्शनहून हासीमाऱ्याची गाडी. तिस्ता ओलांडली की डुआर्स, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा. जंगल आणि चहा, चहा आणि जंगल. हत्तींच्या वाटा रुळांवरून जातात म्हणून गाडी जपून चालते. खिडकीतून हत्ती काही दिसला नाही, बायकोची झोप छान झाली. हासीमाऱ्याहून जयगावला शेअर जीप.

जयगाव हे तोर्सा नदीकाठचं, भूतानच्या वेशीबाहेरचं बाजारगाव. गल्लीबोळ, हॉर्न, धूळ, मारवाडी आणि बिहारी दुकानदार, नेपाळी बोलणारे हमाल. संध्याकाळी किरा नेसलेल्या भूतानी बायका आल्याचा-लसणाचा भाव पाडत होत्या. दुकानदार भूतानी नोट न बघताच गल्ल्यात टाकत होता. ङुल्ट्रम आणि रुपया एकास एक.

लॉजवाल्याने कोविडचा विषय काढला. मार्च २०२० मध्ये भूतानने फाटक लावलं ते उघडलं २३ सप्टेंबर २०२२ ला. अडीच वर्षं! गिऱ्हाईक पन्नास पावलांवर, दिसतंय, पण येत नाही. अर्धी दुकानं बंद झाली, असं तो म्हणाला. मोजायला मी काही गेलो नाही, पण दुसऱ्या मजल्यांवर गंजलेली शटरं बरीच दिसली.

बुधवार : फुंत्शोलिंग

सकाळी पायी जाणाऱ्यांच्या रांगेत लागलो. पूर्वी भूतानच्या त्या रंगीत कमानीखालून लोक रमतगमत जायचे. आता माणसांसाठी वेगळी इमारत आहे, सामान तपासायचं यंत्र आहे, खिडक्या आहेत आणि दोन गावांच्या मधे भिंत आहे. पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड. आमच्या पुढच्या जळगावच्या कुटुंबाने आधार कार्डं काढली. खिडकीतल्या मुलीने शांतपणे मान हलवली. काकांचा पारा चढला, "अहो, आधारवर सगळं होतं आमच्याकडे!" बायकोने त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की आधार हा रहिवासाचा पुरावा, नागरिकत्वाचा नव्हे. तिघांकडे मतदान कार्डं निघाली. दहावीतल्या मुलाचा जन्मदाखला घरी कपाटात राहिलेला. ते काय करणार होते कोण जाणे, आम्ही पुढे गेलो.

दिवसभर फुंत्शोलिंगमध्ये फिरून संध्याकाळी परतायचं असेल तर फारसा व्याप नाही. शहराच्या वर रिन्चेनडिंगचं नाकं आहे, त्यापुढे परवाना लागतो आणि माणशी रात्रीला बाराशे रुपये. भारतीयांना हा दर, इतर बहुतेक परदेशी लोकांना शंभर डॉलर. चौघांच्या कुटुंबाला पाच रात्रींचे चोवीस हजार केवळ तिथे असण्याचे. जळगावच्या काकांनी हा हिशेब रांगेतच मांडला होता आणि त्यांचा चेहरा आधीपासूनच पडला होता.

भिंतीच्या पलीकडे हॉर्न थांबतो. पाचशे मीटरवर तोच दमट उकाडा, तीच झाडं, बाजारात तीच नेपाळी भाषा, पण गाड्या झेब्रा क्रॉसिंगवर थांबतात आणि घड्याळ अर्धा तास पुढे. मधल्या बागेतल्या मंदिराभोवती म्हातारी माणसं प्रदक्षिणा घालत होती. सुंदर आहे, यात वाद नाही. आपल्याकडचे पर्यटक इथून "शिस्त बघा यांची!" असे फोटो टाकतात. ती शिस्त अर्धी अशी राखली जाते, की मजूर सकाळी जयगावहून परवाना दाखवून येतो, गवंडीकाम करतो, नाल्या उपसतो आणि संध्याकाळी परत जातो. घाण, गर्दी आणि झोपडी भिंतीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या हिश्श्याला. पाच वाजता परतणाऱ्या मजुरांची रांग आमच्या रांगेच्या कितीतरी पट लांब होती.

उलट दिशेला भूतानच्या माणसाला अडवणारं कोणी नाही. भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, १९२० पासूनचे चार जुने कायदे त्यात विरघळले. तरी नेपाळ-भूतानची पासपोर्ट-व्हिसाची सूट कायम ठेवली आहे. नेपाळी किंवा भूतानी माणूस चीन किंवा पाकिस्तानातून येत असेल तर मात्र ती मिळत नाही.

गुरुवार : कूचबिहार, दिनहाटा, मशालडांगा

सकाळी कूचबिहार. राजवाडा भव्य आहे, गायत्रीदेवींचं माहेर. तासाभरात आटोपला आणि दिनहाट्याची वाट धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखू आणि बटाटा, ठिकठिकाणी बांबूची बेटं.

दिनहाट्याच्या पुढे मशालडांगा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीपर्यंत ही जमीन बांगलादेशची होती, चारही बाजूंनी भारत. अशा तुकड्यांना इथे छिटमहल म्हणतात. भारताच्या हद्दीत बांगलादेशचे ५१, बांगलादेशच्या हद्दीत भारताचे १११. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे, अशी कथा सगळे सांगतात. खरं कारण रुक्ष आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याचंच राहिलं. १९४७ ला मुघलांकडची गावं पाकिस्तानात गेली, १९४९ ला कूचबिहार भारतात आलं आणि शेतांचे बांध आंतरराष्ट्रीय झाले. पलीकडे एक शेत तर असं होतं, की ते भारताचं, पण बांगलादेशच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो बांगलादेशात.

इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे शेख मुजीब यांनी १९७४ मध्ये अदलाबदलीचा करार केला. अंमलात आला ४१ वर्षांनी, शंभराव्या घटनादुरुस्तीने. दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांवर लोक होते. बांगलादेशातल्या आपल्या तुकड्यांमधून हजाराच्या आत माणसं भारतात आली. भारतातल्या तुकड्यांमधून बांगलादेशात कोणीही गेलं नाही.

चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. लुंगी, वर जाड शाल. हिंदी जेमतेम, माझं बंगाली त्याहून कमी, पण टपरीवाल्या पोराने दुभाष्याचं काम केलं. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "दादा, मुंबईत बांगला बोललं तर धरतात, खरं का?" गावातले तरुण बाहेर कामाला आहेत, कोणी दिल्लीला वीटभट्टीवर, कोणी मुंबईकडे सेंट्रिंगच्या कामावर. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून थेट हद्दीपलीकडे ढकललं होतं. राज्य सरकारने कागद पाठवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. काय उत्तर देणार? म्हटलं, हो, झालंय तसं.

मग त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी मागवली. नातू घरी पळत जाऊन घेऊन आला. आत मुलाचा शाळेचा दाखला, लॅमिनेशन केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. मुलाचं नाव बरोबर. वडिलांचं नाव? भलत्याच कोणाचं तरी. छिटमधल्या मुलाला भारतातल्या शाळेत घेत नसत, म्हणून शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस कागदावर बाप व्हायचा. फुकट व्हायचा, कधी पैसेही घ्यायचा. बाळंतिणीला दिनहाट्याच्या दवाखान्यात नेताना नवराही असाच उसना. २०१५ मध्ये म्हातारेबुवा भारतीय झाले, मतदान कार्ड मिळालं, दिवाही आला. आता मतदार याद्यांची कसून पडताळणी निघाली आणि तिने आधार मानली २००२ ची यादी. २००२ मध्ये हे गाव भारतात नव्हतंच, नाव सापडणार कुठून! शिवाय मुलाच्या कागदावर बाप वेगळा. "आधी देश नव्हता म्हणून खोटा कागद केला. आता देश आहे आणि तो कागद विचारतो," टपरीवाल्या पोराने त्यांचं बोलणं असं सांगितलं आणि स्वतःच हसला. म्हातारेबुवा हसले नाहीत. दाखला त्यांनी पुन्हा पिशवीत घातला आणि तिची गाठ दोनदा बांधली.

दुपारी कुंपणाकडे गेलो. दोन्ही देशांमधल्या १९७५ च्या नियमांनुसार सीमारेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. त्यामुळे आपलं कुंपण आपल्याच हद्दीत आत सरकून उभं आहे आणि त्याच्या पलीकडे आपलीच शेतं, कुठे कुठे आपलीच घरं. आम्ही गेलो त्या फाटकापाशी सीमा सुरक्षा दलाचा जवान वहीत नोंदी करत होता. शेतकऱ्याने मतदान कार्ड जमा करायचं, नाव-वेळ लिहायची, मग नांगर-खुरपं घेऊन आत जायचं. फाटक ठरलेल्या वेळांनाच उघडतं. पाऊस आला, जनावर अडलं, पलीकडे कोणाच्या पोटात दुखलं, तरी मधल्या वेळात निघायचं तर जवानाच्या मर्जीवर. ज्यूट उंच वाढतो, आडोसा होतो, म्हणून कुंपणालगत लावू नका असं सांगतात. ज्या मातीत ज्यूटच पैसा देतो तिथे!

सायकलवर बटाट्याची गोण लादून एक बाई बाहेर आली. जवानाने गोण उघडायला लावली, वरून हात फिरवला, कार्ड परत दिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं, रोजचंच. सायकलच्या कॅरिअरला कार्ड अडकवायचा एक चिमटा तिने खास लावून घेतला होता.

कुंपण नको, असं मी म्हणणार नाही. गुरं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, खोट्या नोटा या पट्ट्यातून जातात-येतात. दलालाला पैसे देऊन माणसंही येतात, हे इथलं कोणीच नाकारत नाही. पण ७ जानेवारी २०११ ला याच जिल्ह्याच्या हद्दीवर फेलानी नावाची पंधरा वर्षांची मुलगी बापाबरोबर तार ओलांडून बांगलादेशात परत जाताना गोळी लागून मेली आणि काही तास तारेवर लटकत राहिली. ती जात होती, येत नव्हती. गोळी झाडणारा जवान दलाच्या न्यायालयात दोनदा निर्दोष ठरला. एवढी चार हजार किलोमीटरची हद्द सांभाळायची तर माणसं पकडून चौकशी करणारी यंत्रणा लागते. तार आणि बंदूक स्वस्त पडते. तिची किंमत दिल्लीला दिसत नाही, दिनहाट्याला दिसते.

शुक्रवार : तीनबिघा, बेरुबारी

मेखलीगंजजवळ तीनबिघा. दहग्राम-अंगारपोता हा बांगलादेशचा तुकडा २०१५ नंतरही तसाच राहिला आणि त्याला मुख्य भूमीशी जोडणारी आपली ही चिंचोळी पट्टी, १७८ मीटर लांब, ८५ रुंद. जमीन भारताची, वहिवाट त्यांची. १९९२ मध्ये दिवसा एक-एक तासाआड उघडायची, २०११ पासून चोवीस तास. एका रस्त्यावर आपल्या गाड्या, आडव्या रस्त्यावर बांगलादेशच्या, आणि मधोमध आपला जवान शिट्टी वाजवत वाहतूक सांभाळतो. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. फक्त वळायचं नाही, सरळ जायचं. लग्नाची एक बांगलादेशी व्हॅन आमच्यासमोरून भारतातून जेमतेम अर्धा मिनिट गेली. नवरदेव पुढच्या सीटवर फोनवर बोलत होता.

मी मोबाइल काढला तसा एक जवान चालत आला. "काका, फोटो नको." मराठीत! आमच्या बोलण्यावरून ओळखलं असणार. बुलढाण्याचा, घाटाखालचा. "इथं ड्यूटी डोक्याला ताप आहे," म्हणाला, "शेजारच्या गाडीला सलाम ठोकायचा आणि शेजारच्या कुंपणावर लक्ष ठेवायचं." दहग्रामच्या कडेने तारेवर रिकाम्या काचेच्या बाटल्या बांधलेल्या होत्या. रात्री कोणी तार हलवली की खळखळ होते. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या तारेवरून दोन्हीकडची दलं समोरासमोर आली होती, हे त्याला विचारलं तर "माझी बदली नंतर झाली" म्हणून मोकळा झाला.

तिथून तिस्तेवरचा लांबलचक जयी सेतू ओलांडून हल्दीबाडी. दुपारी दक्षिण बेरुबारी. एमपीएससीचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाने बेरुबारी खटला पाठ केलेला असतो. १९५८ च्या नेहरू-नून करारात बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. लोक उठले, प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की सरकारला नुसत्या कराराने भूमी देता येत नाही, घटनादुरुस्ती लागते. ते मत लिहिणारे न्यायमूर्ती आमच्या साताऱ्याचे, प्र. बा. गजेंद्रगडकर. घटनादुरुस्ती झाली, पण बेरुबारी शेवटी दिलं नाही. १९७४ च्या करारात दक्षिण बेरुबारी आपल्याकडे राहिलं आणि बदल्यात तीनबिघाची वाट त्यांना मिळाली. गजेंद्रगडकरांचं नाव इथे कोणाला माहीत असेल म्हणून विचारून पाहिलं. पोस्टमास्तरांना माहीत होतं! त्यांचा मुलगा यूपीएससी करतोय.

शनिवार : फुलबारी

विमान दुपारचं होतं, म्हणून सकाळी सिलिगुडीच्या कडेच्या फुलबारी नाक्यावर गेलो. पलीकडे बांगलाबांधा. इथून ढाक्याचा व्हिसा असलेला माणूस जातो, पण ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना पायउतार झाल्यापासून व्हिसेच कमी, न्यू जलपाईगुडीहून ढाक्याला जाणारी मिताली एक्स्प्रेस तर जुलै २०२४ पासूनच बंद होती. प्रवाशांच्या खिडकीशी कोण तर एक डॉक्टरांची फाइल छातीशी धरलेलं म्हातारं जोडपं आणि दोन विद्यार्थी.

ट्रकांची रांग मात्र लांबच लांब. लाल नंबरप्लेटचे भूतानी ट्रक, वर ताडपत्री, आत नदीतले दगड. बांगलादेशात दगड थोडा, बहुतेक सगळा गाळ, म्हणून तिकडचे बरेच पूल आणि रस्ते भूतानसारख्या बाहेरच्या दगडावर उभे राहतात. ट्रक फुंत्शोलिंगला भारतात शिरतो, बंगाल ओलांडतो, फुलबारीला बाहेर पडतो, पलीकडच्या आवारात दगड ओततो आणि परत फिरतो. आपल्या ट्रकवाल्यांची तक्रार अशी, की रांगेचा नंबर लावायला आम्हाला शुल्क भरावं लागतं आणि भूतानवाल्यांना माफी. त्यावरून इथे चक्का जामही झाले आहेत.

एका भूतानी ट्रकचा क्लीनर पायरीवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. किती वेळ लागेल विचारलं. "दगडाला दोन तास," तो नेपाळीमिश्रित हिंदीत म्हणाला, "कागद बरोबर असला तर." ड्रायव्हरने वरून हाक मारली, रांग सरकली होती.